योको ओगावांच्या कथांत नेमकं काय घडतं?

एका बेटावरचे लोक एके सकाळी जागे होतात, तेव्हा हवेत काहीतरी बदललेलं असतं. काय ते लगेच कळत नाही. मग कोणीतरी वर बघतं आणि उमगतं, आज पक्षी गेले. पक्षी अजून उडताहेत, डोळ्यांना दिसताहेत. पण पाहणाऱ्याच्या मनात त्यांचं काहीच उरलेलं नाही. त्यांची नावं, त्यांचे आवाज, वडिलांच्या शेजारी उभं राहून ते पाहिल्याचा आनंद, सगळं एका क्षणात पुसलं गेलंय. लोक पिंजऱ्यांची दारं उघडून पाळलेले पक्षी सोडून देतात आणि आपापल्या कामाला लागतात. कोणी रडत नाही, कोणी जाब विचारत नाही.

जपानी लेखिका योको ओगावा यांच्या १९९४ सालच्या कादंबरीतलं हे जग आहे. इंग्रजीत ती 'द मेमरी पोलीस' या नावाने २०१९ मध्ये आली, म्हणजे मूळ पुस्तकानंतर पंचवीस वर्षांनी, आणि पुढच्या वर्षी इंटरनॅशनल बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली. त्यामुळे आपल्याकडच्याही अनेक वाचकांच्या हाती ती पडली. वाचून झाल्यावर बहुतेकांचे दोन प्रश्न असतात. एक, यात घडलं काय? आणि दोन, काहीच घडलं नसेल तर मला इतकं अस्वस्थ का वाटतंय? दोन्हींची उत्तरं देता येतात, आणि ती सोपी आहेत असं मला वाटतं. फक्त आपण कथा वाचताना जिथे बघायची सवय लावून घेतलेली असते, तिथून नजर जरा हलवावी लागते.

आधी लेखिकेविषयी थोडं. ओगावांचा जन्म १९६२ चा, ओकायामाचा. शिक्षण तोक्योच्या वासेदा विद्यापीठात. मग काही काळ एका वैद्यकीय महाविद्यालयात सचिवाची नोकरी. लग्नानंतर ती सोडली आणि घरी बसून लिहू लागल्या. १९९० च्या उत्तरार्धासाठीचा अकुतागावा हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा तिशीसुद्धा आलेली नव्हती. ती नोकरी मला महत्त्वाची वाटते. त्यांच्या कथांमधली माणसं फार वेळा असलीच कामं करतात: टंकलेखिका, स्वागतिका, घरकाम करणारी बाई, वसतिगृहाचा व्यवस्थापक, संग्रहालयातला नोकर. दुसऱ्याच्या दुखण्याची, वस्तूंची, कागदांची नीट नोंद ठेवणारी, आवाज न करणारी माणसं. त्यांना बहुधा नावं नसतात. गावालाही नाव नसतं.

आता पहिला प्रश्न. या कथांत अतर्क्य गोष्ट असते, पण अगदी थोडी. जगाचा एकच नियम बदललेला असतो, बाकी सगळं जसंच्या तसं. बेटावर वस्तू विसरल्या जातात, हा एक बदल. पण भाजी आणावी लागते, बर्फ उपसावा लागतो, पैसे पुरवावे लागतात. लॅटिन अमेरिकेतल्या जादुई वास्तववादाशी तुलना करून पाहिली तर हे चटकन लक्षात येईल. कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथांतल्या गावात चमत्कारांची रेलचेल असते, जगात सतत भर पडत राहते. ओगावांचं जग वजाबाकीचं आहे. तिथे एकेक गोष्ट कमी होत जाते आणि उरलेल्या गोष्टी घेऊन लोक संसार करत राहतात.

हारुकी मुराकामींशी होणारी तुलना तर ठरलेलीच. दोघेही जपानी, दोघांच्याही कथांत वास्तवाच्या भिंतीला भेग असते. पण मुराकामींचा नायक त्या भेगेतून पलीकडे जातो. 'काफ्का ऑन द शोर'मधला मुलगा घर सोडून पळतो, एक म्हातारा मांजरांशी बोलतो, आभाळातून मासे पडतात, शोध सुरू होतो. ओगावांच्या कथेत शोधाला कोणी निघतच नाही. माणूस आपल्याच खोलीत राहतो आणि खोली लहान होत जाते. ज्यांना मुराकामी आवडतात त्यांना ओगावा आवडतीलच असं मी कोणाला सांगत नाही, कारण दोघांकडे जाताना अपेक्षा अगदी वेगळी ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न अवघड आहे, त्यासाठी एक छोटी कथा घेऊ. 'रिव्हेंज' हा अकरा कथांचा संग्रह, मूळ जपानी पुस्तक १९९८ चं. पहिल्या कथेत एक बाई रविवारच्या दुपारी एका बेकरीत जाते. मुलाचा वाढदिवस आहे, तिला स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचे दोन तुकडे हवेत. दुकानात कोणी नाही. ती थांबते. तेवढ्यात ओळखपाळख नसलेली एक म्हातारी येते आणि गप्पा सुरू होतात. मुलगा किती वर्षांचा, असं म्हातारी विचारते. सहा, आई म्हणते. तो कायम सहाच वर्षांचा राहणार आहे. तो बारा वर्षांपूर्वी गेला, टाकून दिलेल्या एका फ्रिजमध्ये गुदमरून.

हे वाक्य कथेत कोणत्या आवाजात येतं ते पाहा. आधी उसासा नाही, नंतर पार्श्वसंगीत नाही. केकची चौकशी ज्या सुरात चालली होती त्याच सुरात मृत्यू सांगून होतो आणि बोलणं पुढे जातं. मग आईला आठवतं की त्या वर्षी वाढदिवसासाठी आणलेला केक तिने फेकला नाही. रोज त्याच्यासमोर बसून तिने तो कुजताना पाहिला. क्रीमचा रंग कसा बदलला, स्ट्रॉबेरी कशा सुकल्या, बुरशी कशी आली, हे सगळं ओगावा नीट, क्रमाने लिहितात. आईच्या दुःखाबद्दल त्या एक विशेषण वापरत नाहीत. केकबद्दल मात्र सगळं सांगतात.

ओगावांच्या लेखनाची किल्ली इथे आहे असं मला वाटतं. भावना जिथे असायला हवी तिथे त्या एक वस्तू ठेवतात आणि तिच्याकडे एकटक बघायला लावतात. आपलं मन ती रिकामी जागा स्वतः भरतं, आणि स्वतः भरलेली जागा जास्त बोचते. शांत सूर म्हणजे थंडपणा, असा गैरसमज होतो तो यामुळेच. खरं तर आपल्याला हा सूर ओळखीचा असायला हवा. घरात कोणी गेलं की पहिल्या दिवशी कोणीतरी एक जण कप मोजतं, किती जणांचा चहा टाकायचा ते ठरवतं, पिठलं-भात शेजारून येणार की नाही ते विचारतं. त्या माणसाला दुःख कमी झालेलं नसतं. त्याच्या हातांना काम हवं असतं. ओगावांचे सगळे निवेदक त्या कप मोजणाऱ्या माणसासारखे आहेत.

त्या संग्रहात पुढे गेलं की आणखी एक गोष्ट उलगडते. बेकरीच्या आतल्या बाजूला एक मुलगी फोनवर बोलता बोलता निःशब्द रडत असते. ती का रडत होती याचा धागा दुसऱ्या कथेत हाती लागतो. एका कथेतलं फळ, एका कथेतला मृत्यू, एका कथेतलं पात्र दुसऱ्या कथेच्या कडेला हळूच येऊन उभं राहतं. एका म्हातारीच्या बागेत माणसाच्या पंजाच्या आकाराची गाजरं उगवतात, लोक कौतुकाने बघायला येतात, आणि शेवटी त्याच बागेत तिच्या नवऱ्याचं प्रेत सापडतं, ज्याला हात नसतात. पिशव्या शिवणारा एक कारागीर एका गायिकेसाठी पिशवी शिवतो. तिचं हृदय जन्मतः शरीराबाहेर आहे, त्यासाठी. इथेही कारागिराला आश्चर्य वाटत नाही, माप कसं घ्यायचं याची काळजी वाटते. चामडं कोणतं, शिवण कुठे, श्वास घ्यायला भोकं किती. पण या काळजीतून पुढे जे होतं ते फार भयंकर आहे.

म्हणजे काळजी आणि क्रौर्य ओगावांकडे शेजारी शेजारी राहतात. अकुतागावा मिळालेली कथा याचं सर्वात बोलकं उदाहरण. धाकटी बहीण आपल्या गरोदर थोरल्या बहिणीबद्दल रोजनिशी लिहिते. आठवडे, उलट्या, डोहाळे, सगळ्याची अचूक नोंद. बहिणीला काही जात नसतं, आणि मग एक दिवस भूक उसळून येते. धाकटी तिच्यासाठी ग्रेपफ्रूटचा जॅम करू लागते. फळं अमेरिकेतून आलेली, त्यांवर बुरशीनाशक मारलेलं असतं, आणि ते माणसाच्या गुणसूत्रांना अपाय करतं असं तिने एका पत्रकात वाचलेलं असतं. हे माहीत असताना ती जॅम करत राहते. साल चिरते, साखर घालते, भांडं ढवळते. बहीण चमच्याने भांड्यातूनच खाते. रोजनिशीत कुठेही द्वेषाचा शब्द नाही. स्वयंपाकघरातलं ते ऊबदार दृश्य, फळाचा तो आंबूस वास, आणि मध्ये ही एक माहिती.

एखाद्या वाचकाला हे विकृत वाटेल. मला ते फार खरं वाटतं. कुटुंबात माणसं एकमेकांना इजा करतात ती बहुतेक वेळा आरडाओरडा करून करत नाहीत. सेवेच्या वेषात, ताट वाढता वाढता करतात. ते कथेत दाखवायचं तर सूर असाच लागतो. जरा चढा लागला असता तर धाकटी बहीण खलनायिका झाली असती आणि आपण सुटलो असतो.

आता बेटाकडे परत येऊ, कारण त्या कादंबरीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय. नावात पोलीस आहेत, छापे आहेत, माणसं गायब होतात, त्यामुळे ती ऑर्वेलच्या '१९८४'च्या जातकुळीतली, हुकूमशाहीवरची कादंबरी म्हणून वाचली जाते. तशी ती वाचता येते, पण मग तिचा गाभा निसटतो. ऑर्वेलकडे सत्ता माणसाची आठवण पुसते. ओगावांच्या बेटावर विसरणं आपोआप घडतं, ऋतू बदलावा तसं. पोलीस नंतर येतात. ज्या वस्तूचा अर्थ गेला ती घराघरांतून गोळा करणं, आणि ज्या थोड्या माणसांना विसरता येत नाही त्यांना पकडून नेणं, एवढंच त्यांचं काम. त्यांचा नेता कोण, विचारसरणी कोणती, हे कुठेच येत नाही. म्हणजे प्रश्न असा उभा राहतो: विसरायला आपण स्वतः किती तयार असतो?

तयारी भरपूर असते, असं कादंबरी पानोपानी दाखवते. टोप्या नाहीशा झाल्यावर टोपीवाला छत्र्या करायला लागतो. फेरीबोट गेल्यावर तिचा कारागीर त्याच बंद बोटीत राहायला लागतो. गुलाब जातात त्या दिवशी नदी पाकळ्यांनी भरून वाहते, लोक काठावर उभे राहून बघतात, दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीचं होतं. दिनदर्शिका जातात आणि त्यानंतर वसंत येतच नाही, बर्फ हटत नाही. एक दिवस कादंबऱ्या जातात. निवेदिका स्वतः कादंबरीकार आहे. ग्रंथालय जळतं, लोक पुस्तकं आगीत आणून टाकतात, तीही टाकते. नंतर ती मसाल्यांच्या एका कंपनीत टंकलेखनाची नोकरी धरते. मग एका सकाळी तिचा डावा पाय जातो. पाय अंगाला चिकटलेला आहे, पण तो आपला आहे हे तिला कळत नाही. शेजारीपाजारी रस्त्यावर लंगडत येतात, भिंतीला धरून तोल सावरायला शिकतात, आणि दोन-चार दिवसांत त्यांना जमतंसुद्धा. अख्ख्या पुस्तकातलं मला सर्वात भयानक वाटलेलं वाक्य याच आशयाचं आहे: सवय होते.

याच्या विरुद्ध बाजूला एक छोटी खोली आहे. निवेदिकेच्या संपादकाला विसरता येत नाही, त्यामुळे त्याला धोका आहे. ती आणि तो म्हातारा बोट-कारागीर मिळून तिच्या घरात, मजला आणि छत यांच्यामधल्या पोकळीत, त्याच्यासाठी लपायची जागा करतात. वारा कसा खेळेल, शौचाची सोय काय, खालून आवाज कसा द्यायचा, याचा विचार करतात. नरसाळं आणि रबरी नळी जोडून बोलायचं साधन तयार होतं. ही पानं वाचताना ॲन फ्रँक आठवली नाही असा वाचक विरळा, आणि ते योगायोगाने झालेलं नाही. शाळकरी वयात वाचलेल्या तिच्या रोजनिशीमुळे आपण लिहायला लागलो, असं ओगावांनी अनेकदा सांगितलंय. पुढे त्या ॲम्स्टरडॅमला आणि आउश्वित्झलाही जाऊन आल्या आणि त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षं एका कचेरीच्या मागच्या भागात आठ माणसं लपून राहिली, तेव्हा तिथेही बटाटे सोलले जात होते, भांडणं होत होती, एक मुलगी अभ्यास करत होती. भीतीच्या मधोमध चालणारा तो दिनक्रम ओगावांनी तिथून उचलला, असं मला वाटतं. त्यांची शांतता कुठून आली, हे शोधताना सगळे जपानी सौंदर्यदृष्टीकडे, झेनकडे धावतात. मी आधी त्या ॲम्स्टरडॅमच्या घराकडे बघेन.

त्या खोलीत बसलेला संपादक निवेदिकेला वस्तू दाखवत राहतो. तिची आई शिल्पकार होती, तिलाही विसरता येत नव्हतं. तिने आपल्या शिल्पांच्या पोटात बेटावरून गेलेल्या वस्तू लपवून ठेवलेल्या असतात: फेरीबोटीचं तिकीट, लिंबाच्या गोळ्या, माउथ ऑर्गन. संपादक त्या मुलीच्या तळहातावर ठेवतो, बघ, काही आठवतंय का? ती प्रयत्न करते, फार प्रयत्न करते. मनाच्या तळाशी काहीतरी हलल्यासारखं होतं आणि पुन्हा स्थिर होतं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि तरी एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं वडीलधारं माणूस आहे, त्यांना ही पानं वाचायला जड जातील.

स्मृतीचा हाच विषय घेऊन ओगावांनी २००३ मध्ये अगदी वेगळ्या चेहऱ्याचं पुस्तक लिहिलं, आणि जपानमध्ये त्या घराघरांत पोहोचल्या त्या यामुळे. इंग्रजीत त्याचं नाव 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर'. पुस्तकविक्रेत्यांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार जपानमध्ये २००४ साली सुरू झाला, त्याचं पहिलं मानकरी हेच पुस्तक, आणि २००६ मध्ये त्यावर चित्रपटही आला. गणिताच्या एका प्राध्यापकाची स्मृती १९७५ च्या अपघातात थांबली आहे. नवं काहीही त्याला फक्त ८० मिनिटं आठवतं. कोटावर जागोजागी चिठ्ठ्या टाचलेल्या, कारण रोज सकाळी आपल्या आजाराची बातमी त्याला नव्याने कळते. घरकामाला येणारी बाई त्याला रोज अनोळखी. म्हणून दारात तो ओळख विचारतो ती आकड्यांत. तिचा फोन नंबर ५७६१४५५ आहे हे ऐकून त्याला आनंद होतो: दहा कोटींपर्यंतच्या मूळसंख्या नेमक्या इतक्याच आहेत. तिचा वाढदिवस २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. त्याच्या घड्याळाच्या मागे २८४ हा आकडा कोरलेला. २२० चे स्वतःला सोडून सगळे विभाजक मिळवले तर २८४ येतात, आणि २८४ चे मिळवले तर २२०. अशा जोडीला गणितात मित्रसंख्या म्हणतात. मालक आणि मोलकरीण, ज्यांच्यात आठवणींचा एकही धागा टिकू शकत नाही, त्यांना जोडायला एक असं नातं सापडतं जे कोणाच्याही विसरण्याने तुटणार नाही.

या पुस्तकात अतर्क्य असं काहीच नाही. तरीही बेटाची कादंबरी ज्याने वाचली आहे त्याला दोन्हींचं नातं दिसेल. तिथे वस्तू जातात, इथे दिवस जातात. प्राध्यापक दर ८० मिनिटांनी जे गमावतो त्याची जागा भरायला बाई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा रोज नव्याने, न कंटाळता, तेच प्रश्न ऐकून घेतात. मुलाचं डोकं वरून चपटं, म्हणून प्राध्यापकाने त्याचं नाव वर्गमुळाच्या चिन्हावरून 'रूट' ठेवलंय. जॅम ढवळणारे हात आणि हे हात एकाच लेखिकेने लिहिले आहेत, हे वाचकाने मनात ठेवावं. ओगावांना रोजच्या कामातलं विषही दिसतं आणि त्याच कामातलं मोठेपणही, आणि दोन्हींसाठी त्या तोच हळू सूर वापरतात.

'मीनाज मॅचबॉक्स' इंग्रजीत २०२४ मध्ये आलं. १९७२ साली जपानमधल्या अशिया नावाच्या शहरातल्या एका मोठ्या घरात मीना ही दम्याने आजारी मुलगी आणि तिची मावसबहीण एक वर्ष एकत्र काढतात. बागेत एक ठेंगणा पाणघोडा आहे, आणि मीना त्याच्या पाठीवर बसून शाळेत जाते. भोवतालच्या कोणालाही त्यात विशेष काही वाटत नाही. ज्यांना आधीच्या पुस्तकांचा अंधार नको आहे त्यांच्यासाठी हे उत्तम.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असं मला विचारलंत तर मी प्राध्यापकापासून म्हणेन. दोन बैठकांत होतं, आणि लेखिकेचा सूर कानात बसतो. त्यानंतर 'रिव्हेंज', पण कथा छापल्या आहेत त्याच क्रमाने, मधली एकही न गाळता, कारण धागे पुढेमागे जोडलेले आहेत. बेटाची कादंबरी त्यानंतर. ती सलग वाचण्यापेक्षा रोज थोडी वाचली तर जास्त भिडते, आणि तिच्या आत निवेदिका लिहीत असलेली आवाज हरवलेल्या टंकलेखिकेची जी दुसरी कथा आहे, ती घाईने ओलांडू नका. 'हॉटेल आयरिस' मात्र सगळ्यात शेवटी. एक कोवळी मुलगी आणि एक म्हातारा भाषांतरकार यांच्यातल्या शारीरिक छळाची ती कादंबरी आहे, आणि ओगावांवर तोवर विश्वास बसला नसेल तर ती अर्ध्यावर टाकून द्याल.